कोणता राउटर घेऊ? आधी प्रश्न नीट मांडूया

"घरी ब्रॉडबँड घेतोय, चांगला राउटर सुचव ना." भोर आणि वेल्ह्याकडच्या, पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न हमखास येतो. वरवर साधा आहे, पण त्यावर बरंच अवलंबून असतं. मुलाखत ऑनलाइन असू शकते, मार्गदर्शकांशी बोलणं ऑनलाइन होतं. घरचं नेट टिकलं तर पुण्यात खोली घेऊन राहण्याचा खर्च काही महिने तरी पुढे ढकलता येतो. अशा वेळी दोन-तीन हजार रुपये भलत्याच वस्तूवर घालवणं कुणालाच परवडत नाही.

म्हणून आज राउटर निवडायचा, पण संशोधनाच्या पद्धतीने.

प्रश्न मोजता येईल असा करा

"सगळ्यात चांगला राउटर कोणता?" याला उत्तर नाही. कशासाठी चांगला, कोणत्या घरात, कशाच्या तुलनेत, यातलं काहीच ठरलेलं नाही. त्याऐवजी असं विचारा: "माझ्या अभ्यासाच्या खोलीत संध्याकाळी ७ ते ९ या वेळात तासभराचा व्हिडिओ कॉल न तुटता व्हावा, यासाठी काय बदलावं लागेल?" आता जागा ठरली, वेळ ठरली, यशाची कसोटीही ठरली. आणि या प्रश्नाचं उत्तर "राउटर" असेलच असं आपण गृहीत धरलेलं नाही. हे महत्त्वाचं.

साखळीतली कच्ची कडी शोधा

नेट तुमच्यापर्यंत तीन टप्प्यांत येतं: बाहेरून घरापर्यंतची लाइन, घरातला राउटर, आणि राउटरपासून तुमच्या फोन-लॅपटॉपपर्यंतची हवा आणि भिंती. फायबरच्या जोडणीत कंपनी जो डबा बसवते, त्यातच बहुतेक वेळा वाय-फायही असतं. म्हणजे एक राउटर तुमच्याकडे आधीच आहे. तीच आपली तुलनेची पायरी.

प्रयोग असा. घरातल्या बाकी सगळ्यांचं वाय-फाय थोडा वेळ बंद ठेवा. एकच लॅपटॉप घ्या आणि तीन ठिकाणी वेग मोजा: डब्याला केबलने जोडून, त्याच खोलीत वाय-फायवर, आणि अभ्यासाच्या खोलीत वाय-फायवर. प्रत्येक ठिकाणी पाच वेळा मोजा आणि मध्यक घ्या. सरासरी नको, कारण एखादा विचित्र आकडा सरासरीला ओढून नेतो. शक्य असेल तर हेच दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करा.

समजा, तुमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. केबलवर ४८, त्याच खोलीत ४६ आणि अभ्यासाच्या खोलीत ५ आले, तर लाइन ठीक आहे, डबाही ठीक आहे. अडचण भिंतीची आहे. केबलवरच ८ आले तर कितीही महाग राउटर घ्या, ८ चे ९ होणार नाहीत. तिथे तक्रार लाइनची करायची.

वेगाइतकाच स्थिरपणाही मोजा. व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात; कॉल अडखळतो तो बहुधा उशीर कमीजास्त होत राहिल्यामुळे. लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्याला १०० वेळा पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला १०० वेळा. राउटरपर्यंतचेच आकडे उड्या मारत असतील तर दोष वाय-फायचा. राउटरपर्यंत सगळं शांत आणि बाहेरचेच आकडे उसळत असतील तर दोष लाइनचा.

आपल्याकडची भिंत

राउटरची परीक्षणं बहुतेक शहरी फ्लॅटमध्ये केलेली असतात. भोरच्या पेठेतला जुना वाडा किंवा वेल्ह्यातलं दगड-मातीचं घर हा वेगळाच नमुना आहे. दुसऱ्याच्या नमुन्यावरचा निष्कर्ष आपल्या घराला लागू होतो का, हे तपासल्याशिवाय उचलायचा नाही.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. ५ वर वेग जास्त मिळतो, पण जाड भिंतीत तो सिग्नल लवकर दमतो. पत्र्यातून तर लहर जवळपास आरपार जातच नाही, परत फिरते. त्यामुळे पत्रा मारून मागे खोली काढली असेल तर तिथे सिग्नल दारा-खिडकीतूनच येतो.

सिग्नलची ताकद फोनवरच्या मोफत ॲपमध्ये डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ८० ला रडगाणं सुरू. हे प्रमाण लॉगरिदमी आहे: १० ने खाली गेलं की ताकद दहा पटींनी घटली, २० ने गेलं की शंभर पटींनी.

शहरातला आणखी एक सल्ला इथे तपासून घ्यावा लागतो. "२.४ वापरूच नका, गर्दी असते" हे पुण्यातल्या सोसायटीत खरं आहे, कारण तिथे शेजारपाजारची वीसेक नेटवर्कं एकाच वेळी दिसतात. हिरडस मावळातल्या किंवा गुंजवणी खोऱ्यातल्या वाडीत दोन-तीनच दिसत असतील तर २.४ मोकळं आहे. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी रिकामं बघून लावा आणि पुन्हा मोजा.

खोक्यावरचे आकडे

"एसी १२००" म्हणजे १२०० एमबीपीएस मिळणार, असं नाही. २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज करून तो आकडा वरच्या शेकड्यात नेलेला असतो. तुमचा फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो, आणि प्रत्यक्षात मिळणारा वेग त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

त्यापेक्षा मागचे पोर्ट बघा. स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. प्लॅन १५० चा असेल तर वाय-फाय कितीही भारी असो, पाणी तोटीपाशीच अडलं. गिगाबिट पोर्ट आहे का, हे विचारूनच घ्या.

अँटेना चार असल्या की लांब जातं, हीसुद्धा अर्धवट गोष्ट. संवाद दोन्ही बाजूंनी असतो. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला, तरी फोनचा बारीक आवाज राउटरपर्यंत परत पोचायला हवा.

लाइट गेली तर?

पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस पुरतो. फक्त फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यावी लागते. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. यूपीएसवर १०,००० एमएएच लिहिलेलं असेल तर ते सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं: १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास. दोन्ही डबे मिळून १२ वॅट खात असतील तर कागदावर तीन तास; रूपांतरातली घट धरली तर अडीचच्या आसपास.

मग घ्यायचं काय?

- केबलवरच वेग कमी: काही घेऊ नका, लाइन दुरुस्त करून घ्या.
- फक्त दूरच्या खोलीत अडचण: आधी आहे तोच डबा घराच्या मध्यावर, उंचावर हलवून मोजा. हा प्रयोग जवळपास फुकट आहे.
- मध्ये दगडी भिंत: मागच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल ओढा (१०० मीटरपर्यंत चालते) आणि तिथे साधा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. बिनतारी रिपीटर त्याच भिंतीशी झगडतो. शिवाय एकाच चॅनलवर घेऊन पुढे देत असेल तर वेग निम्म्यावर येतो.
- त्याच खोलीतही वाय-फाय मंद, केबलवर मात्र ठीक: आता खरंच नवा राउटर. दोन पट्टे आणि गिगाबिट पोर्ट असलेला.
- फायबर पोचलेलंच नाही, सिमवरचा राउटर आहे: इथे जागेचा नियम उलटा. डोंगराआड टॉवर झाकला जातो, म्हणून राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा.

एक शिस्त मात्र पाळा. कोणता आकडा आला तर काय करायचं, हे मोजण्याआधीच वहीत लिहून ठेवा. आकडे हातात आल्यावर कसोटी ठरवली की मनात आधीच आवडलेला राउटर "सिद्ध" होतो. प्रबंधातही नेमकं हेच होतं. तिथे ते सापडायला तीन वर्षं लागतात, इथे एक संध्याकाळ पुरते.