मुंबई–दिल्ली विमानाने फक्त दोन तास? थांबा, आधी हा हिशोब बघा!

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, माल आणायला दिल्लीला विमानाने एका दिवसात जाऊन येता येईल का?" येईल. मी केलंय आणि पस्तावलोय.

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर. विमान ताशी 800 च्या आसपास उडतं, म्हणजे दीड तासात पोचायला हवं ना? पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लिहिलेली असते. कारण त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं-उतरणं, गर्दी असली तर आकाशात घिरट्या, सगळं धरलेलं असतं.

आता खरा हिशोब. मी बदलापूरला राहतो. फ्लाइट सकाळी साडेसहाची, म्हणून घरातून साडेतीनला टॅक्सी. चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधीच बंद होतो, हे विसरू नका. दिल्लीत पावणेनऊला उतरायचं, नऊ-साडेनऊला बाहेर, एअरपोर्ट मेट्रोने वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन आणि तिथून रिक्षाने सदर बाजार. परतीची फ्लाइट संध्याकाळी सहाची, म्हणजे तीन-सव्वातीनला बाजारातून पाय काढायचा. घरी यायला रात्रीचे अकरा. एकोणीस तासांच्या धावपळीत बाजारात किती? चार तास!

हे सगळं सुरळीत झालं तर. मी गेलो जानेवारीत. दिल्लीचं धुकं! विमान अडीच तास उशिरा. हातात उरले जेमतेम दोन तास. दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं, खिशात चाळीस हजार, त्यातले निम्मे उसने. तीन दुकानं फिरून भाव काढायचे ठरवलेलं, पण पहिल्याच दुकानात गिफ्टचा सगळा माल उचलला. घरी येऊन बघतो तर अर्ध्या फोटोफ्रेमचे कोपरे उघडे. त्या फ्रेम विकायला मला दिवाळी उजाडली, तीही खरेदीच्या भावात. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आणि वजन! देशातल्या साध्या तिकिटावर चेक-इनला बहुधा 15 किलोच मिळतात. त्यापुढे किलोमागे पैसे मोजले की होलसेलची बचत तिथेच संपते.

आता मी काय करतो? जाताना राजधानी. सीएसएमटीहून निघणारी राजधानी कल्याणला थांबते, माझ्यासारख्याला सोयीची. रात्रभर झोप आणि सकाळी हजरत निजामुद्दीन. हॉटेलचा खर्च वाचतो, डोकं ताजं राहतं. बाजार तसाही अकराच्या सुमाराला रंगात येतो. तोपर्यंत चहा-नाश्ता आणि खरेदीची यादी. परतीला रात्री उशिराची फ्लाइट, तीही दर बरा मिळाला तर. माल ट्रान्सपोर्टने, हातात फक्त सॅम्पल.

निघण्याआधी वार नक्की बघा. सदर बाजार रविवारी बंद, करोल बाग सोमवारी. एक जण रविवारीच पोचला होता, नाव सांगत नाही!

ट्रान्सपोर्टची बिल्टी कशी वाचायची, ते पुढच्या व्हिडिओत. तुम्ही कुठल्या गावाहून माल आणायला जाता आणि घर ते बाजार किती तास लागतात, ते कमेंटमध्ये लिहा.