समुद्र हिरड्यापर्यंत येतो तेव्हा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याचं समुद्राशी नातं जुनं, पण व्यापाराचं. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. ३ जून २०२० रोजी समुद्राचं वादळच घाट चढून आलं.

त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि ईशान्येला वळून पुणे जिल्ह्यात शिरलं. श्रीवर्धन ते जुन्नर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री आडवा. तरीही घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाउसचे कागद फाटले, हिरड्याची झाडं मोडली, उन्मळली. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, गोळा करायचा, वाळवायचा आणि विकायचा, हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं रोख पैशाचं मोठं साधन. झाड कोसळलं की एका हंगामाचं नव्हे, पुढच्या कित्येक हंगामांचं उत्पन्न जातं. भरपाईसाठी या लोकांना आंदोलनं करावी लागली.

एवढं बळ वादळाला आलं कुठून? १ जूनला ते अरबी समुद्रातलं साधं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, होतं. ३ जूनला तीव्र चक्रीवादळ. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांहून गरम असलं की वादळाच्या चुलीला सरपण मिळतं. त्या आठवड्यात अरबी समुद्र ३० अंशांच्या घरात होता. पाण्याची वाफ वर जाते, ढगांत तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्यातून सुटलेली उष्णता वाऱ्याला जोर देते. पण वारा वाढला की तो समुद्र रवीसारखा घुसळतो आणि खालचं गार पाणी वर येतं. एकाच जागी रेंगाळलेलं वादळ असं स्वतःची चूल विझवतं. झपाट्याने पुढे सरकणाऱ्याला मात्र ताजं गरम पाणी मिळत राहतं.

वारा पाण्याला किती घट्ट धरतो, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर समजायला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी थाळी सलग पत्र्याची केली असती, तर वाऱ्याने ती शिडासारखी धरली असती. म्हणून खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक तारांची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, त्याला धरायला फारसं काही सापडत नाही. समुद्रावर लाटा नेमकं उलटं काम करतात. संथ पाण्यावरून वारा घसरतो. लाटा उठल्या की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि वाऱ्याला पकड मिळते. त्याच पकडीने तो पाणी पुढे ओढतो. यातून प्रवाह सुरू होतात आणि किनाऱ्याशी पाणी फुगतं.

वारा वाढेल तशी ही पकडही वाढतच जाणार, असं पूर्वी धरून चालत. वादळात विमानातून सोडलेल्या उपकरणांची मोजमापं २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हा समज डळमळला. ताशी सुमारे १२० किलोमीटरनंतर पकड वाढायची थांबते, असं त्यांत दिसलं. लाटांचे माथे फुटून फेस आणि तुषार पसरतात, वारा त्यावरून निसटू लागतो. ‘निसर्ग’चा वारा याच उंबरठ्याजवळ होता.

तिसरा भिडू म्हणजे प्रवाह. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली, की ती आखूड होते, उभी राहते आणि फुटते. कोकणातल्या कोळ्यांना हे शिकवावं लागत नाही. भर समुद्रातही प्रवाह लाटेचा आकार बदलतो, आकार बदलला की वाऱ्याची पकड बदलते, आणि पुन्हा पहिल्यापासून हिशोब.

पूर्वी हे हिशोब वेगवेगळे मांडले जात: वाऱ्याचं मॉडेल एकीकडे, लाटांचं दुसरीकडे, समुद्राचं तिसरीकडे. आता जोडमॉडेलांत तिघं थोड्याथोड्या वेळाने एकमेकांना आपले आकडे कळवतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे आणि सागरी उधाणाचे अंदाज काढते. हवामान विभागाने एचडब्ल्यूआरएफ हे वादळाचं मॉडेल समुद्राच्या मॉडेलला जोडून चालवलं. या गणितांची भूक मोठी. पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला, तो हवामानाच्या अशाच गणितांसाठी.

वादळ कुठे जाणार, हे आता बरंच आधी सांगता येतं. ते किती जोराचं असेल, हे सांगणं अजून अवघड, कारण त्यासाठी या तिघांचा जमाखर्च जुळावा लागतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला इशारा मिळाला तर तो होडी बंदरात आणतो. घाटमाथ्यावरची बाई अंगणात वाळत घातलेला हिरडा आत घेते, पत्र्यावर दगड ठेवते. झाड मात्र उचलून आत घेता येत नाही. दीडशे किलोमीटरवरच्या पाण्याची ऊब त्याच्या मुळांवर उतरते. आणि म्हणून लाटांचं गणित बंदराइतकंच या बांधावरच्या झाडाचंही आहे.