तीन पायांचा दोस्त आणि आकाशातली फुलं

ओळखा पाहू मी कोण? तीन पाय आहेत, पण चालता येत नाही. मान आहे, पण तोंड नाही. मिटलो की दप्तरात मावतो, उघडलो की बाबांच्या छातीला लागतो!

बरोब्बर! कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, म्हणजेच तिपाई. आज त्याची आठवण काढायला कारणही तसंच आहे.

तुमच्यापैकी काहींचे काका, मामा, मावशी किंवा आत्या अमेरिकेत असतील. सुट्टीत त्यांच्याकडे जाणं झालं, तर डिस्नेलँडचा एक दिवस ठरलेलाच! कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी १७ जुलै १९५५ रोजी हे डिस्नेलँड सुरू झालं. त्याचं मोठं भावंड म्हणजे फ्लोरिडातलं 'मॅजिक किंगडम'. ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. दोन्हीकडे दिवसभर पाळणे, घसरगाड्या, मिरवणुका. आणि रात्री राजवाड्याच्या डोक्यावर आतषबाजी! ही आतषबाजी बघताना प्रत्येकाला वाटतं, याचा फोटो हवाच. पण घरी येऊन बघावं तर काय? पांढऱ्या रेघांचा गुंताडा आणि पुढच्या काकांचं डोकं.

असं होऊ नये म्हणून ट्रायपॉड लागतो. पण कोणता? आणि तो दिवसभर वागवायचा कसा? चला, आज तेच बघू. आणि "आम्ही कुठे अमेरिकेला जातोय!" म्हणून पान उलटू नका हं. आपल्या दिवाळीला हीच विद्या उपयोगी पडते.

हाताने का जमत नाही?

बाण आकाशात फुटला की ठिणग्या एका क्षणात विझत नाहीत. त्या दोन-तीन सेकंद खाली ओघळत राहतात. आपल्या डोळ्यांना ते फूल उमललेलं दिसतं. कॅमेऱ्याला मात्र तेवढा वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो काढलात, तर नुसते ठिपके येतील. तीन-चार सेकंद झडप उघडी राहिली, की प्रत्येक ठिणगी आपापली रेघ काढते आणि फूल पुरं होतं.

आता एक प्रयोग करा. हात पुढे करून पेन धरा आणि टोकाकडे चार सेकंद बघा. टोक हलतंय ना? कॅमेराही असाच हलतो. मग ठिणग्यांच्या सरळ रेघा नागमोडी होतात आणि राजवाडा धुरकट दिसतो. म्हणून हाताला सुट्टी, ट्रायपॉडला काम!

तीनच पाय का?

चार पायांचं टेबल डुगडुगतं, मग आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो. तीन पायांची तिवई मात्र कधी डुगडुगत नाही. आजीला विचारा, उघड्यावर चूल मांडायची तर दगड किती? तीन! वरचं पातेलं कसं ठाम बसतं. भूमितीच्या पुस्तकातही हेच आहे : एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. त्यामुळे जमीन उंचसखल असली तरी तीन पाय टेकणारच. आहे की नाही गंमत?

आधी दारावरचा नियम

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. ट्रायपॉड तिथे चालतो का? अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांचा नियम असा आहे, की ट्रायपॉड साध्या पाठपिशवीत मावला पाहिजे आणि उघडल्यावर ६ फुटांपेक्षा, म्हणजे साधारण १.८ मीटरपेक्षा, उंच होता कामा नये. सेल्फी काढायच्या काठ्यांवर तर तिथे २०१५ सालापासून बंदीच आहे. जपानमधल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये याहून कडक कारभार. तिथे ट्रायपॉड वापरायलाच मनाई!

म्हणजे बघा, एकाच कंपनीचं नाव, पण दोन देशांत दोन नियम. असे नियम बदलतातही. म्हणून निघण्याआधी त्या त्या पार्कच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. दारावर तपासणीच्या रांगेत हुज्जत घालण्यापेक्षा घरी पाच मिनिटं वाचलेलं बरं, नाही का?

निवड कशी करायची?

आता खरा प्रश्न. दुकानदार म्हणेल, "हा घ्या, एकदम भक्कम!" तो खोटं बोलत नाही. जड ट्रायपॉड भक्कम असतोच. पण जरा हिशेब करा. आतषबाजी चालते फार तर पंधरा-वीस मिनिटं. आणि आपण पार्कात असतो सकाळपासून रात्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा तास. वीस मिनिटांसाठी तीन किलोचं धूड बारा तास कोण वागवणार? दुपारपर्यंत बाबांची पाठ धरेल, आई म्हणेल "कशाला आणलंत हे लोढणं!" आणि दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड हॉटेलातच राहील. खोलीत राहिलेला भक्कम ट्रायपॉड काय कामाचा?

म्हणून निवड करायची ती बारा तासांचा विचार करून. पुढच्या गोष्टी बघा :

१. मिटल्यावरची लांबी : साधारण ४० सेंटिमीटर किंवा कमी. जाताना आपली पिशवीच दुकानात न्या आणि ट्रायपॉड आत घालून बघा. चेन पूर्ण लागली पाहिजे. काही ट्रायपॉडचे पाय उलटे वर दुमडून मधल्या दांड्याभोवती बसतात. ते मिटल्यावर फारच आखूड होतात.

२. वजन : सव्वा ते दीड किलो पुष्कळ झालं. दीड किलो म्हणजे किती, ते कळण्यासाठी दीड लीटर पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घाला आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठीवर वागवा. दप्तराचं ओझं तुम्हाला काय नवीन आहे! तरी पण दिवसअखेर खांदा काय म्हणतो, ते ऐका.

३. पायांचे कप्पे : एकात एक सरकणारे कप्पे जितके जास्त, तितका ट्रायपॉड मिटल्यावर आखूड. पण शेवटचा कप्पा काडीसारखा बारीक होतो आणि थरथरतो. चार कप्प्यांचा ट्रायपॉड हा चांगला मध्यम मार्ग.

४. धातू की कार्बन? ॲल्युमिनियमचा स्वस्त, जरा जड. कार्बन फायबरचा हलका, कंप लवकर जिरवणारा, पण महाग. पालकहो, वर्षातून एकदाच वापरायचा असेल, तर ॲल्युमिनियमचा खुशाल घ्या. फोटो बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

५. मान : गोल गुंडीसारखी फिरणारी मान सहलीला सोयीची. ती एकाच खटक्याने घट्ट होते आणि दांड्या बाहेर येत नाहीत. कॅमेरा उभा धरता येतो का, तेही बघा. बाण वर जातात ना? मग फोटोही बहुतेक वेळा उभाच लागतो.

६. वजन पेलण्याची ताकद : आपल्या कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या वजनाच्या निदान दुप्पट हवी.

फोनवर फोटो काढणार असाल, तर काम आणखी सोपं. वीतभर उंचीचा छोटा ट्रायपॉड आणि फोन धरणारा चिमटा पुरतो. कट्ट्यावर किंवा भिंतीवर तो मांडायचा. तेही नसेल, तर स्वेटरची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर फोन टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. विनाखर्चाचा ट्रायपॉड तयार!

दिवसभर वागवायचा कसा?

विमानात जाताना ट्रायपॉड मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवणं चांगलं. स्क्रू आवळायची छोटी किल्लीही तिथेच ठेवा. कॅमेऱ्याखाली बसणारी चपटी पट्टी मात्र घरीच कॅमेऱ्याला लावून टाका. ती विसरली, की ट्रायपॉड आणि कॅमेरा दोघंही हजर, पण भेट काही होत नाही!

पार्कात ट्रायपॉड पिशवीच्या आत ठेवा, बाहेर बांधू नका. बाहेर लोंबणारे पाय रांगेत मागे उभ्या असलेल्या लहान मुलाच्या नेमके तोंडावर येतात. पिशवीत तो पाठीच्या बाजूला उभा ठेवला, की ओझं कमी जाणवतं. पाळण्यात बसताना पिशवीची चेन लावा आणि पिशवी पायांशी घट्ट धरा.

आणखी एक युक्ती. प्रवेशद्वाराजवळ भाड्याची कुलूपबंद कपाटं मिळतात. दिवसभर ट्रायपॉड तिथे ठेवून संध्याकाळी काढता येतो. फक्त गर्दी वाढायच्या आधी जाऊन आणा.

रात्र झाली, जागा कुठली?

आपल्या गणपतीच्या मिरवणुकीची गर्दी आठवा. राजवाड्यासमोर तशीच दाटी असते. उघडलेला ट्रायपॉड जवळजवळ मीटरभर रुंदीची जागा अडवतो. अंधारात त्याचा काळा पाय कुणाला दिसणार? एखादी ताई बाळाला कडेवर घेऊन आली आणि अडखळली तर? फोटो पुन्हा मिळेल, पण बाळाला लागलं तर ते कसं भरून काढणार?

म्हणून वाटेच्या मध्ये कधीच उभे राहू नका. कठडा, दिव्याचा खांब किंवा फुलांच्या वाफ्याची कड शोधा. तिथून कुणी ये-जा करत नाही. गर्दी दाटली, तर पाय पूर्ण न फाकवता जवळ घ्या, कठड्याला टेकवा आणि एक हात सतत ट्रायपॉडवर ठेवा. कॅमेरा आपल्या कपाळापेक्षा उंच नको. मागच्या मुलानेही या रात्रीची वाट पाहिलेली असते ना? तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारा, "इथे लावला तर चालेल का?" हलवा म्हणाले, तर हसत हलवा.

वाऱ्याकडेही लक्ष असू द्या. धूर आपल्याकडे येत असेल, तर पाच मिनिटांत आकाश राखाडी होतं. धूर कमी व्हावा म्हणून डिस्नेने २००४ मध्ये ॲनाहाइमला बाण दाबलेल्या हवेने उडवायचं तंत्र आणलं. तरी फुटलेल्या बाणाचा धूर राहतोच. त्यामुळे सुरुवातीचे फोटो सर्वांत स्वच्छ येतात. तयार राहा!

चौकट : कॅमेरा लावताना

• आधी वरचे जाड कप्पे उघडा, बारीक कप्पे शेवटी. मधला दांडा होता होईल तो वर काढू नका.
• एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा, म्हणजे कॅमेरा पुढे कलंडत नाही.
• मधल्या आकड्याला पिशवी अडकवा. ती जमिनीला जेमतेम टेकू द्या, नाहीतर वाऱ्याने झोके घेईल.
• आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, वेळ २ ते ५ सेकंद. फोकस राजवाड्यावर धरून मग हाताने चालणारा करा.
• फ्लॅश बंद! त्याचा उजेड काही मीटरच जातो. आकाश उजळत नाही, शेजारी मात्र वैतागतात.
• हात न हलण्यासाठी असलेली कॅमेऱ्यातली सोय ट्रायपॉडवर बंद करा.
• बटण बोटाने न दाबता रिमोट किंवा टायमर वापरा.
• फोनमध्ये 'प्रो' सोय असेल, तर हेच आकडे तिथे लावून बघा. फोनचं छिद्र बहुधा बदलत नाही, म्हणून वेळ कमी ठेवा.

डिस्नेलँडमध्ये एक गंमत बघायला मिळते. टिंकर बेल नावाची परी तारेवरून आकाशात उडते! १९६१ साली ही परी पहिल्यांदा उडाली, ती टायनी क्लाइन या सर्कशीत काम केलेल्या बाईंच्या रूपात. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तर! चार सेकंदांच्या फोटोत या परीची नुसती उजेडाची रेघ येते. परीच हवी असेल, तर वेळ कमी करायला हवा. म्हणजे कोणता फोटो हवाय, हे आधी ठरवायला लागतं.

सराव दिवाळीत

परीक्षेला बसण्याआधी सराव नको का? दिवाळीत गच्चीवर ट्रायपॉड मांडा आणि दूरच्या बाणांचे फोटो काढा. आधी दोन सेकंद, मग चार, मग आठ. तिन्ही शेजारी ठेवून बघा. जास्त वेळ दिला, की फुलावर फूल पडून पांढरा गोळा होतो. भुईनळ्याचा फोटो घ्यायचा, तर निदान दहा पावलं लांबून, मोठं माणूस जवळ असताना. आणि डोळे मिटून ट्रायपॉड उघडायचा-मिटायचा सरावही करा, कारण तिथे अंधारच असतो.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. आजूबाजूला बघाल, तर कितीतरी लोक हात वर करून सगळी आतषबाजी फोनच्या पडद्यातच बघत असतात. ज्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर ठाम बसलाय, त्याला तसं करावं लागत नाही. चौकट एकदा ठरवली, एक हात ट्रायपॉडवर ठेवला, की दुसऱ्या हातातलं रिमोटचं बटण मधूनमधून दाबायचं आणि मान वर करून खरं आकाश बघायचं. फोटो कॅमेऱ्याकडे, आकाश तुमच्याकडे!

मग, कधी मोजताय आपल्या पिशवीची लांबी?