खो-खोमधील कामगिरीचे मूल्यमापन

खो-खोमधील कामगिरीचे मूल्यमापन म्हणजे संघांची बलाबल आणि खेळाडूंचे संरक्षण व आक्रमण यांचा सामन्यांतील नोंदींच्या व प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे घेतलेला अंदाज होय. हंगामाच्या सुरुवातीला शालेय, आंतरमहाविद्यालयीन आणि जिल्हा संघटनांच्या स्पर्धांमधून असे मूल्यमापन केले जाते व त्यावरून पुढील फेरीचे संघ निवडले जातात. महाराष्ट्रात खो-खोची जी प्रमुख केंद्रे आहेत, त्यांत धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची गणना होते. मराठवाड्यातील या दुष्काळप्रवण जिल्ह्यातील खेळाडूंनी, विशेषतः मुलींनी, राज्य आणि भारतीय संघांत स्थान मिळवले आहे.

पार्श्वभूमी

खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे व बडोदा येथे लेखी स्वरूपात आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियमांचा पहिला आराखडा तयार केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली.

पारंपरिक पद्धतीच्या सामन्यात प्रत्येक संघ दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण करतो. खुल्या गटात प्रत्येक पाळी नऊ मिनिटांची असते. मध्य पाटीवर आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा धावतो. संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. एक गडी बाद केल्यास एक गुण मिळतो. नऊही गडी बाद झाल्यास पहिली तुकडी पुन्हा मैदानात येते. या रचनेमुळे खो-खोच्या नोंदीत दोन प्रकारचे आकडे येतात : संरक्षकाने मैदानात काढलेला वेळ आणि आक्रमकाने बाद केलेले गडी.

नोंदींचे वाचन

वृत्तपत्रांतील खो-खोच्या वृत्तात खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘२.५०, १.२० मि. व ३ गडी’ अशी नोंद आढळते. तिचा अर्थ असा की त्या खेळाडूने पहिल्या पाळीत २ मिनिटे ५० सेकंद आणि दुसऱ्या पाळीत १ मिनिट २० सेकंद संरक्षण केले व आक्रमणात तीन गडी बाद केले. या नोंदीतील टिंब दशांशचिन्ह नाही. वरील दोन वेळांची सरासरी दशांश अपूर्णांक समजून काढल्यास १.८५ असा निरर्थक आकडा मिळतो. सेकंदांत रूपांतर केल्यास (१७० व ८०) खरी सरासरी १२५ सेकंद, म्हणजे २ मिनिटे ५ सेकंद येते. पाळी संपेपर्यंत खेळाडू मैदानात राहिल्यास त्याची नोंद ‘नाबाद’ अशी होते. अशा वेळी नोंदलेला वेळ ही त्याची मर्यादा नसते, केवळ पाळी तेथे संपलेली असते.

संरक्षणाचे मूल्यमापन

संघाच्या दृष्टीने तुकडीचा वेळ महत्त्वाचा असतो आणि तो तिच्यातील शेवटच्या गड्यावर ठरतो. उदाहरणार्थ, एखाद्या संघाच्या तीन तुकड्या अनुक्रमे ३.००, २.२० आणि १.४० मिनिटे टिकल्या, तर सात मिनिटांत सर्व संघ बाद होतो. उरलेल्या दोन मिनिटांसाठी पहिली तुकडी परत येते व प्रतिस्पर्ध्यांना नऊपेक्षा अधिक गुण मिळवण्याची संधी राहते. याउलट तीनही तुकड्यांनी तीन-तीन मिनिटे काढल्यास प्रतिस्पर्ध्यांचे गुण नऊच्या पुढे जात नाहीत. त्यामुळे एकच भक्कम तुकडी असलेल्या संघापेक्षा समतोल तीन तुकड्यांचा संघ लांब स्पर्धेत अधिक भरवशाचा मानला जातो.

व्यक्तिगत वेळेची तुलना करताना साथीदारांचा विचार करावा लागतो. दोन संरक्षकांनी प्रत्येकी २.४० मिनिटे खेळ केला, परंतु पहिल्याचे साथीदार ०.३० आणि ०.५० मिनिटांवर बाद झाले व दुसऱ्याचा एक साथीदार २.३० मिनिटांपर्यंत टिकला, असे समजल्यास दोन्ही आकडे सारखे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या खेळाडूने १ मिनिट ५० सेकंद संपूर्ण आक्रमण एकट्याने अंगावर घेतले, तर दुसऱ्याच्या वाट्याला असे केवळ १० सेकंद आले. वृत्तातील नोंदीत हा फरक दिसत नाही. तो तुकडीतील तिन्ही गड्यांच्या वेळा शेजारी मांडल्यावरच लक्षात येतो.

तुकडीच्या क्रमालाही महत्त्व आहे. पहिल्या तुकडीसमोर आक्रमक ताजेतवाने असतात, तर शेवटच्या तुकडीच्या वेळी त्यांची दमछाक झालेली असते. मैदानात उतरताना प्रतिस्पर्ध्यांची आघाडी किती आहे, यावरही संरक्षकाने किती धोका पत्करायचा हे ठरते.

आक्रमणाचे मूल्यमापन

खो-खोत धावता आक्रमक मध्य पाटी ओलांडू शकत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलू शकत नाही. संरक्षकावर असे बंधन नसते. म्हणून गडी बाद करणे हे बहुधा एका खेळाडूचे काम नसते. योग्य क्षणी खो देऊन संरक्षकाला खांबाकडे ढकलणारे दोन-तीन आक्रमक आणि शेवटी स्पर्श करणारा एक, अशी ती साखळी असते. नोंद मात्र केवळ शेवटच्या आक्रमकाच्या नावावर होते. फुटबॉलमध्ये गोलाला साहाय्य करणाऱ्याची नोंद होते, तशी सोय खो-खोच्या प्रचलित गुणपत्रिकेत नाही. परिणामी खांबाजवळ बसणाऱ्या व सूर मारणाऱ्या खेळाडूंच्या खात्यात गडी अधिक दिसतात आणि मधल्या जागांवरून खेळाची दिशा ठरवणारे खेळाडू आकड्यांत मागे पडतात.

संघाच्या आक्रमणाचा वेग ‘एका गड्यामागे लागलेला वेळ’ या मापाने पाहता येतो. नऊ मिनिटांत १४ गडी म्हणजे सरासरी सुमारे ३९ सेकंदांना एक गडी, तर नऊ गडी म्हणजे मिनिटाला एक. आक्रमणातील नियमभंगांकडेही लक्ष द्यावे लागते. चुकीचा खो किंवा दिशाभंग झाला की संरक्षकाला मोलाचे सेकंद मिळतात, मात्र अंतिम धावसंख्येसारख्या दिसणाऱ्या गुणांत त्यांचा पत्ता लागत नाही.

हंगामारंभीच्या निकालांच्या मर्यादा

सुरुवातीच्या फेऱ्यांत बलाढ्य संघांची गाठ बहुधा दुबळ्या संघांशी पडते. अशा सामन्यात ‘एक डाव राखून’ विजय मिळतो, म्हणजेच विजेत्या संघाला दुसऱ्यांदा आक्रमण करावे लागत नाही. त्याने एकदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण केलेले असते. परिणामी त्याच्या आक्रमकांना गडी मिळवण्याची एकच पाळी मिळते, तर संरक्षकांना दोन पाळ्यांतील वेळ मिळतो आणि तोही कमकुवत आक्रमणासमोर. अशा संघातील खेळाडूंची तुलना शेवटच्या मिनिटापर्यंत चाललेल्या सामन्यांतील खेळाडूंशी केवळ बेरजेने करणे दिशाभूल करणारे ठरते. ‘प्रत्येक पाळीमागे’ सरासरी काढणे आणि दोन्ही संघ ज्या समान प्रतिस्पर्ध्याशी खेळले त्याच्याविरुद्धची कामगिरी पाहणे, हे यावरील साधे उपाय आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात ही बाब ठळकपणे दिसली. भारतीय महिला संघाने पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५–१८ असे हरवले. उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हा निकाल ६६–१६ आणि अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८–४० असा राहिला. पहिल्या सामन्यातील १५७ गुणांचा फरक अंतिम सामन्यात ३८ वर आला. पुरुष गटात नेमके उलट घडले. भारताचा पहिलाच सामना नेपाळशी झाला आणि तो ४२–३७ असा अवघ्या पाच गुणांनी जिंकला गेला. त्याच नेपाळवर अंतिम सामन्यात भारताने ५४–३६ असा विजय मिळवला. पहिल्या सामन्यांवरून महिला संघ अजिंक्य आणि पुरुष संघ डळमळीत, असा निष्कर्ष काढला असता तर तो संघांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांविषयी अधिक सांगणारा ठरला असता. या विश्वविजेत्या महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे यांचा समावेश होता.

वेगवेगळ्या पद्धतींच्या स्पर्धांतील आकड्यांची थेट तुलनाही करता येत नाही. विश्वचषक आणि अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमध्ये पाळी सात मिनिटांची असून एका गड्यासाठी एकापेक्षा अधिक गुण मिळतात. लीगच्या २०२२ मधील पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाविरुद्ध ४६–४५ असा जिंकला. पारंपरिक खो-खोत असे आकडे संभवत नाहीत.

मैदानाचा परिणाम

राष्ट्रीय पातळीवरील सामने आता मॅटवर होतात, तर ग्रामीण भागातील शाळा-महाविद्यालयांत सराव मातीवरच चालतो. मातीवर पाय घसरतो, पावसाळ्यात मैदान जड होते आणि सूर मारताना अंग खरचटते. मॅटवर पावलाला पकड मिळते, दिशा झटकन बदलता येते आणि खेळाचा वेग वाढतो. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होत असल्याने त्या काळातील वेळा कोणत्या मैदानावर नोंदल्या गेल्या, हे जाणून घेतल्याशिवाय त्या ग्राह्य धरता येत नाहीत.

निवडप्रक्रिया आणि तिचे परिणाम

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. धाराशिवचे संघ लातूर विभागातून खेळतात. महाविद्यालयीन खेळाडू डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाच्या संघात व तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहोचतात. या विद्यापीठाचे उपपरिसर धाराशिव येथे आहे. खो-खो संघटनेच्या स्पर्धांची साखळी याहून स्वतंत्र असते.

या पायऱ्यांवर झालेले मूल्यमापन केवळ हौसेचा विषय राहत नाही. राज्य व राष्ट्रीय सहभागाच्या प्रमाणपत्रावर शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळू शकतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचे खो-खो संघ असून त्यांतून खेळाडूंना नोकरी मिळते. शेतमजुरी किंवा कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबातील मुलीसाठी जिल्हा निवड चाचणीतील एक चुकीचा निर्णय शिक्षण सुटण्यास कारणीभूत ठरू शकतो.

धाराशिवच्या सारिका काळे यांची कारकीर्द या संदर्भात उल्लेखनीय आहे. प्रतिकूल आर्थिक परिस्थितीत, दिवसातून एकदाच जेवण मिळण्याच्या काळातही त्यांनी खेळ सुरू ठेवला. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा पुरस्कार १९९८ नंतर प्रथमच मिळाला होता. तुळजापूर येथे त्यांनी तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहिले. हंगामाच्या एखाद्या टप्प्यावर केलेला अंदाज खेळाडूचा आहार, प्रवासखर्च आणि घरची परिस्थिती यांची नोंद घेत नाही. दीर्घ काळातील कामगिरी मात्र या सर्वांसह घडते, हे या उदाहरणावरून दिसते.

उल्लेखनीय खेळाडूंचे पुरस्कार

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूंना गटनिहाय पुरस्कार दिले जातात. खुल्या गटात पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई, कुमार गटात वीर अभिमन्यू आणि जानकी, तर किशोर गटात भरत आणि इला या नावांनी हे पुरस्कार ओळखले जातात. सामन्यानंतर सर्वोत्कृष्ट संरक्षक, आक्रमक व अष्टपैलू खेळाडू निवडण्याचीही प्रथा आहे. अष्टपैलूची निवड करताना संरक्षणाचा वेळ आणि गडी ही दोन भिन्न मापे एकत्र आणावी लागतात. त्यासाठी आकड्यांसोबत पंच व निवड समितीचे प्रत्यक्ष निरीक्षण आवश्यक ठरते.