अंगणाचे भाडे

भांडुप आणि मुलुंडच्या मधले नाहूर स्थानक 2006 मध्ये सुरू झाले. आज त्याच्या पुलावरून पाहिले, की जुन्या कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे दिसतात. या मनोऱ्यांपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका वस्तीतली अंगणवाडी पाहायला मी गेल्या पावसाळ्यात गेले होते. दहा बाय बाराची भाड्याची खोली, भिंतीवर अक्षरांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा. जागा पुरत नाही म्हणून मुले दोन पाळ्यांत बसतात. “मॅडम, खाऊ उशिरा का होईना येतो,” सेविकाताई म्हणाल्या, “पण मालकाने भाडे वाढवले की खोली बदलावी लागते. प्रत्येक वेळी चार-पाच मुले तुटतात.”

खाऊला पैसे आहेत, मग खोलीला का नाहीत? हा प्रश्न घेऊन मी घरी आले.

‘अंगणवाडी’ या शब्दामागे ताराबाई मोडकांचे बोर्डीतले काम आहे. 1945 पासून तिथे बालशिक्षणाचे प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले, की गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली गेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर गेला. शब्दातले अंगण मात्र गृहीतच धरले गेले.

आता हिशेब पाहू. 2017 च्या निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला 8 रुपये ठरले, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. वर्षाला 300 दिवस धरले तर एका मुलामागे 2,400 आणि 40 मुलांच्या अंगणवाडीला 96,000 रुपये होतात. नाक्यावरच्या एका अंड्याची किंमत आठवली, की 8 रुपये किती तोकडे आहेत ते कळते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हा दर वाढवण्याची घोषणा झाली, ती याचसाठी. महानगरातल्या केंद्राच्या भाड्यासाठी केंद्राच्या निकषांत महिना 6,000 रुपये धरले होते. म्हणजे वर्षाला 72,000. मुलांच्या ताटावर जेवढे खर्चायचे, त्याच्या तीन-चतुर्थांश रक्कम छपरावर जाते आणि तरीही मुंबईत नीटशी खोली मिळत नाही.

खेड्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. ग्रामपंचायतीकडे गावठाणाची जागा असते, रोजगार हमीतून इमारत बांधता येते आणि जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी ठेवावा लागतो. मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही. रोजगार हमीची ही सोय शहराला लागू नाही. अंगणवाड्या राज्याच्या आयुक्तालयाच्या, बालवाड्या महापालिकेच्या, जमीन तिसऱ्याच कुणाची. त्यामुळे खोली ही कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

कायद्याची बाजू मात्र भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात स्पष्ट म्हटले, की सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या झोपडवस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतही बालवाडीसाठी खोली राखण्याची तरतूद आहे. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे. उपनगर जिल्ह्याची नियोजन समितीही स्वतंत्र आहे.

म्हणून मला वाटते, नवा निधी मागण्याआधी दोन साध्या याद्या मागायला हव्यात. आपल्या भागात पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडीच्या किती खोल्या राखल्या गेल्या आणि आज तिथे काय चालते, ही पहिली. नियोजन समितीच्या 3 टक्क्यांतून किती अंगणवाड्यांना कायमची जागा मिळाली, ही दुसरी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. एका मुलाच्या एका दिवसाच्या खाऊपेक्षा 2 रुपये जास्त.

मी निघाले तेव्हा पहिल्या पाळीची मुले चपला शोधत होती आणि दुसऱ्या पाळीची बोळात रांगेत उभी होती. पाऊस सुरू होता. त्यांना थांबायला अंगण नव्हते.