बिटकॉइनच्या वाटेवर गर्दी का होते?
वहीत नोंद झाल्याशिवाय माल सोडू नका

परदेशातील गिऱ्हाइकाकडून बिटकॉइनमध्ये पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न निर्यातीचे काम करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे कधी ना कधी येतो. भावाच्या चढउताराची चर्चा पुष्कळ होते. परंतु पैसे निघाले आणि वाटेतच अडकले तर काय करायचे, याचा विचार फार थोडे करतात.

बिटकॉइन म्हणजे हजारो संगणकांवर ठेवलेली एकच खातेवही. साधारण दर १० मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते. त्यास ब्लॉक म्हणतात. पानावरील जागा मोजकी असते. २०१० साली १ मेगाबाइटची मर्यादा घालण्यात आली. खोट्या व्यवहारांनी वही फुगू नये, हा त्यामागील हेतू मानला जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये ही जागा थोडी वाढली, पण मर्यादा कायम राहिली.

जागा कमी आणि गिऱ्हाइके जास्त, म्हणजे बोली लागणारच. जो जास्त शुल्क देतो त्याचा व्यवहार मायनर आधी घेतात. मालट्रकचे भाडे जागेवर ठरते, मालाच्या किमतीवर नाही. येथेही तसेच आहे. लाखाचा व्यवहार असो वा शंभराचा, जागा तेवढीच तर शुल्कही तेवढेच. त्यामुळे गर्दीत लहान माणूस आधी भरडला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले होते. २० डॉलरचे बिल चुकते करणाऱ्याने काय करावे?

गर्दी नेहमी खऱ्या व्यापाराचीच असते असेही नाही. जुलै २०१५ मध्ये कोणीतरी क्षुल्लक रकमांच्या असंख्य व्यवहारांचा मारा केला आणि हजारो लोकांचे खरे व्यवहार रांगेत तुंबले. यालाच स्पॅम म्हणतात.

शुल्कच नको, असे म्हणणारेही आहेत. 'नॅनो' या चलनात व्यवहारास शुल्क नाही. मार्च २०२१ मध्ये तेथे फुकटच्या व्यवहारांचा पूर आला आणि काही संगणक मागे पडले. पुढे त्यांनी नियम बदलला. खात्यातील शिलकीप्रमाणे रांगा वेगळ्या केल्या आणि ज्याने बरेच दिवस व्यवहार केला नाही त्यास आधी वाट दिली. वारंवार घुसणारा त्यामुळे आपोआप मागे राहतो. 'सोलाना' या स्वस्त जाळ्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये यांत्रिक व्यवहारांचा असा लोंढा आला की सारे जाळे सुमारे १७ तास बंद पडले. नंतर तेथेही जादा शुल्क देणाऱ्यास आधी घेण्याची सोय करावी लागली.

सारांश असा की, दार सताड उघडे ठेवले तर उपद्रवी घुसतात, आणि मोठा टोल लावला तर गरीब बाहेर राहतो. दोन्ही दोष टाळणारी वाट अजून पुरती सापडलेली नाही. लहान रकमांसाठी बिटकॉइनवर 'लाइटनिंग' ही जोडव्यवस्था २०१८ पासून चालू आहे. तीत प्रत्येक व्यवहार मुख्य वहीत लिहावा लागत नाही, म्हणून शुल्क थोडे लागते.

व्यापाऱ्याने काय ध्यानात ठेवावे?

पहिले, 'पैसे पाठवले' असे मोबाइलवरील चित्र म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. व्यवहार पानावर चढेपर्यंत पाठवणारा जास्त शुल्काचा दुसरा व्यवहार काढून पहिला रद्द करू शकतो आणि रक्कम दुसरीकडे वळवू शकतो. मोठ्या रकमेसाठी सहा पाने जोडली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, थांबण्याची रीत आहे.

दुसरे, शुल्क कोणी भरायचे हे सौदा ठरतानाच लिहून घ्यावे. कमी शुल्काचा व्यवहार कित्येक दिवस लोंबकळतो व शेवटी रांगेतून गळून पडतो. अशा वेळी रक्कम पाठवणाऱ्याकडेच राहते आणि आपला माल मात्र गेलेला असतो.

तिसरे, आपल्या देशात २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि ठराविक मर्यादेपुढे हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस आहे. तेव्हा हिशेबनिसाला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये.

नवे साधन वापरण्यास हरकत नाही. पण रोखीच्या धंद्यात नोट हाती आल्याशिवाय आपण गाठोडे सोडत नाही, तोच दंडक येथेही पाळावा.