रामजी सुभेदारांचा मुलगा

मुलाच्या अंगी आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरले म्हणजे संस्कार सफल झाले, असे आपण सहज धरून चालतो. परंतु ज्या मुलाने बापाच्या श्रद्धास्थानांनाच प्रश्न विचारले, आणि ते विचारण्याचे सामर्थ्य ज्याला बापानेच मोठ्या कष्टाने मिळवून दिले, अशा मुलाचे चरित्र पाहिले म्हणजे ही समजूत फार तोकडी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे नाते अशा प्रकारचे होते.

रामजी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. फौजेत ते सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले, लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले, आणि १८९१ साली महू येथे भीमरावांचा जन्म झाला तो त्यांचे चौदावे अपत्य म्हणून. पेन्शनीनंतर दापोली, सातारा आणि अखेर मुंबईतील परळची चाळ असा संसार हलत राहिला; साताऱ्यास आई भीमाबाई निवर्तल्या आणि आत्या मीराबाईंनी पोरक्या भीमाला सांभाळले.

परळच्या त्या एका खोलीत माणसांखेरीज जाते, जळाऊ लाकडे आणि एक शेळी यांचीही वस्ती होती. मुलाने संध्याकाळीच झोपावे, बापाने रात्री दोनपर्यंत जागून त्याला उठवावे, आणि मग बिनचिमणीच्या मिणमिणत्या दिव्यापाशी भीमाने पहाटेपर्यंत वाचीत बसावे, असा तिथला क्रम असे. पुस्तकासाठी पैका नसला तर रामजी विवाहित मुलींच्या दारी जात. रोकड न मिळाल्यास एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून आणीत. शिकवणीच्या कोणत्याही उपदेशापेक्षा या येरझारांनी मुलाला विद्येची किंमत अधिक कळली असली पाहिजे, असे मला वाटते.

मात्र हे घर केवळ मायेचे नव्हते. रामजी कबीरपंथी, धर्मनिष्ठ आणि शिस्तीचे कडक. घरात त्यांचा शब्द हुकमासारखा चाले. बहिणी आणि जमलेली मंडळी यांना रामायण-महाभारत वाचून दाखविण्याचे काम भीमाकडे असे. पुढे कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ते वाचून भीमाने वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी गाणारे आणि शूद्रांना हीन लेखणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत? पहिल्या वेळी रामजींनी, असले वेडे प्रश्न विचारू नयेत, मुलांनी सांगितले तसे करावे, असे सांगून त्याला गप्प केले. कालांतराने तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा ते उत्तराची तयारी करून बसले होते: आपण अस्पृश्य, म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव, द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी लहान माणसे कुठवर चढली, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे पाहून तो गंड जावा.

मुलाला यात काही तथ्य दिसले, तरी समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कोणीही आपल्याला रुचत नाही आणि रामाचे वर्तनही पटत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले; त्यावर वडील निरुत्तर राहिले. बापाने शब्दाला शब्द वाढविला नाही, मुलाला दूर लोटले नाही. अनेक घरांत याच घटकेला पोराची जिज्ञासा कायमची चेपली जाते. येथे ती वाचली, म्हणूनच या मौनाचे मोल मी त्या उत्तराहूनही अधिक मानतो.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली, बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे, आणि आपण बुद्धाकडे कसे वळलो याचा वृत्तांत देताना त्यांना वडिलांपासूनच आरंभ करावा लागला. रामजी १९१३ च्या फेब्रुवारीतच गेले. मुलगा कोलंबिया विद्यापीठात जाऊन विद्यावंत झालेला त्यांना पाहता आला नाही. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, तो आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचे आणि दाखविलेल्या जाणतेपणाचे ऋण नोंदवून.